गावानं वाकवलेला पाटा

मी एक जुना पाटा आहे. मित्रांनो, मसाला वाटायचा पाटा नव्हे. मोटारीच्या चाकावर लोखंडी पट्ट्यांची जी कमान असते, तिच्यातला सगळ्यात लांब आणि सगळ्यात वरचा पाटा तो मी. माझं आयुष्य गाडीच्या पोटाखाली गेलं, त्यामुळे माणसांचे चेहरे मी फारसे पाहिले नाहीत. मी माणसं ओळखतो ती वजनावरून.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठी, भगवंत मिस्त्रीच्या भट्टीत मी घडलो. लाल होईपर्यंत मला तापवलं, घणाखाली वाकवलं, तेलात बुडवलं. मला कडक करायचं हे आधीच ठरलेलं होतं, कारण गिऱ्हाईक तसं होतं. जानराव त्याचं नाव. मेळघाटच्या पायथ्याशी, परतवाड्याच्या अलीकडं त्याचं गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं लिलावात काढलेली एक पिकअप गाडी त्यानं घेतली होती. हंगामात कापूस आणि एरवी धारणीच्या बाजाराचं मीठ, गूळ, रॉकेलचे डबे असं काहीबाही तो वाहायचा. कापूस भरला की गाडी मागून बसायची आणि लोक हसायचे. जानरावला हसलेलं खपत नसे.

"या पाट्याईत आता जीव नाही राह्यला," भगवंत गाडीखालून म्हणाला. "दोन पाटे जास्तीचे टाकून कडक कमान बसोतो. कितीबी भरा, गाडी बसनार नाही. पन शॉकबी बदला. तेल गयालं त्याईचं. रिकामी गाडी उडन मंग."

"शॉक पुढच्या खेपेले पाहू," जानराव म्हणाला. "मी रिकामी गाडी कायले चालोतो?"

मित्रांनो, ही चूक नीट समजून घ्या. उसळणं हा माझा स्वभावच आहे. खड्ड्यात दाबला गेलो की मी वर उडी मारणार. ती उडी आवरून धरण्याचं काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं. आम्ही नांदतो ते जोडीनं. पण कमान दिसते आणि शॉक कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. जानरावनं मला बसवलं, आणि माझे सोबती मात्र कोरडेठाक राहिले.

त्या हंगामात मी खूप मिरवलो. कापसानं शीगोशीग भरलेली गाडी मी ताठ मानेनं अमरावतीला नेली. "कमान हाये का काय हाये," असं लोक म्हणायचे तेव्हा मी फुलून जायचो. परतीच्या रिकाम्या वाटेवर मात्र मी इतका आदळायचो, की मागं बसलेली माणसं माझ्या नावानं शिव्या घालत उतरायची. शिव्या घालणाऱ्यांत पहिला धर्मपाल. तो जानरावच्या गाडीवर पोती चढवायचा-उतरवायचा. अंगानं सडपातळ, पण पाय टाकायचा तो अगदी अलगद.

छप्पन साली धर्मपालच्या आळीतल्या साऱ्या घरांनी बुद्धाचा धम्म घेतला. गावातल्या काहींना ते रुचलं नाही. भांडण झालं नाही, पण त्या हिवाळ्यात एक गोष्ट मला खालून कळू लागली. त्या आळीतली माणसं गाडीत असली की दुसऱ्या आळ्यांची माणसं चढत नसत. भरणारी गाडी अर्धीच भरायची, आणि अर्ध्या गाडीला मी जास्त उडवायचो.

पुढच्या चैत्रात, ऊन चढत असताना, जमुना अडली. जमुना ही धर्मपालची बायको, पहिलटकरीण. सुईण माणिकबाई बाहेर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पोर आडवं हाये. माह्या हातचं नाही हे. अमरावतीले न्या. पन गचका बसू देऊ नका. रगत सुरू झालं तं बाई वाटेतच जाईन."

धर्मपाल जानरावच्या दारात येऊन उभा राहिला. जानरावनं गाडी काढली खरी, पण स्टिअरिंगवर हात ठेवून तो तसाच बसला. गाडी रिकामी होती. गावापासून सडकेपर्यंत नुसते गोटे, मध्ये कोरडा नाला. मी जमुनाचं काय करीन हे त्याला ठाऊक होतं, आणि मलाही. माझ्या कडकपणाची मला लाज वाटली ती त्या दिवशी.

"वजन पायजे गाडीत," तो म्हणाला. पण आणायचं कुठून? कापूस केव्हाच विकला गेला होता. ज्वारी जमिनीखालच्या पेवात पुरलेली. पेव उघडून कोंडलेली विषारी हवा जाईपर्यंत दिवस मावळला असता. कुणी म्हणालं, नाल्यातले गोटे भरा.

तेव्हा जानरावची म्हातारी आई, इंदूबाई, पुढं आली. "गोटे घरंगयून पोरीच्या अंगावर जातीन," ती म्हणाली. "बैलबंडी रिकामी असली का आदयते, भरली का नाही, हे तुमाले मोटार आल्यावर आठवत नाही काय? वजनच पायजे ना? मंग हे इतके लोक काहून उभे हायेत?"

आणि ती चढली. हलकं, वाळलेलं वजन. मी तसूभरही वाकलो नाही.

मागोमाग धर्मपालच्या आळीतली माणसं चढली. जमुनाला मधोमध कडबा अंथरून, त्यावर गोधड्या टाकून निजवलं. मी थोडा वाकलो, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. उरलेलं गाव उभंच होतं. इंजिन चालू होतं आणि वर कुणी चढत नव्हतं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात जड क्षण तो, आणि त्यात वजन काहीच नव्हतं.

"पुंजाजी," इंदूबाई वरून म्हणाली, "गावाचं अर्धं तूप तुमच्याच पोटात गेलं. आज काही कामी येऊ द्या."

कुणीतरी हसलं. दुसऱ्या आळीतला गलेलठ्ठ पुंजाजी फळीला हात घालून चढला आणि मी पहिल्यांदा खराखुरा वाकलो. मग त्याचा भाऊ चढला, मग तेली, मग देवळातला पुजारी, मग कोण कोण. आता मला कुणाची आळी कळेना. वजन तेवढं कळत होतं, आणि ते एकावर एक येत होतं. माणसं फळीला टेकून दाटीवाटीनं बसली आणि प्रत्येकाचा एक हात जमुनाच्या गोधडीला होता.

जानरावनं गाडी बैलाच्या चालीनं काढली. गोट्यांवरून जाताना उसळी माझ्या अंगात येत होती, पण इतक्या माणसांनी मला दाबून धरलं होतं की ती अंगातच जिरत होती. मग चाक नाल्यात उतरलं. मी हळू दबलो आणि हळूच वर आलो. त्या दिवशी मेलेल्या शॉकचं काम गावानं केलं. अमरावतीला दवाखान्याच्या दारात सगळे उतरले आणि जमुना जिवंत आत गेली.

बाकीचे पोराची बातमी कळेपर्यंत तिथंच थांबले; जानराव एकटाच रिकामी, आदळती गाडी घेऊन परतला. त्याच आठवड्यात तो अकोल्याला गेला आणि भगवंतनं विचारण्याआधीच म्हणाला, "शॉक बदल."

नव्या शॉकवर आम्ही जमुनाला आणायला गेलो. आता वजनाची गरज नव्हती, तरी पुंजाजी येऊन बसलाच. जमुना चढली. जाताना होतं जवळपास तेवढंच वजन, पण आता ते दोन जिवांत वाटलेलं होतं. माझ्यासारख्या कडक पाट्याला ते कळायला नको, पण कळलं.

त्यानंतर गाव पालटलं असं मी म्हणणार नाही. रुसवे पुष्कळ दिवस राहिले. पण अर्धी गाडी घेऊन निघायची वेळ जानरावला पुन्हा क्वचितच आली.

पुढं गाडी थकली आणि भंगारात निघाली. मला मात्र जानरावनं काढून ठेवलं. आता मी तुमच्या शाळेच्या लिंबाला तारेनं टांगलेला आहे, घंटा म्हणून. गंज चढतोय. कधी तेलाचं एखादं बोट फिरवलंत तर बरं वाटेल. आणि मोठेपणी गाड्या घ्याल, तेव्हा कमानीबरोबर शॉकही पाहा. त्यांना पुढच्या खेपेवर टाकू नका.

गावात आता जो तो सांगतो, "मी त्या गाडीत होतो." सगळे खरे धरले तर तीन गाड्या लागल्या असत्या. मी कुणालाच खोटं पाडत नाही.

सकाळी घंटेचा टोला द्यायचं काम सध्या पाचवीतल्या संघमित्राकडं आहे. जमुनाची लेक ती, त्या दिवशी आडवी आलेली. हात चांगला जड आहे तिचा. तिचा टोला बसला की मी थरथरतो, आणि मला आवरायला आता शॉक नाहीत, म्हणून बराच वेळ थरथरत राहतो.