फोटोबाहेरची खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे, मित्रांनो. व्हीलचेअर म्हणा हवं तर, नावाचं मला काही वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि त्यासाठीच आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. ब्राउनश्वाइगला मी आधी हेल्गाबाईंकडे होते. बाई मोठ्या खमक्या. माझ्या पाठीला टोपली अडकवून बाजारात जायच्या आणि भेटेल त्याला सांगायच्या, की हिच्यामुळे मी घराबाहेर पडते. त्या गेल्या आणि त्यांच्या मुलाने मला इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या अडगळीत, नेऊन टाकलं. जुने टायर आणि एक मोडकी सायकल हाच माझा शेजार. चाकांतली हवा गेली, सीटला बुरशी आली. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मला बाहेर काढलं ते वरच्या मजल्यावरच्या वल्लरीने. तिचे सासरे पद्माकर पुण्यात एकटे पडले, म्हणून तिच्या नवऱ्याने, श्रीरंगने, त्यांना इकडे आणलं होतं. पुढे त्यांच्या पायांतलं बळ गेलं. आधाराने थोडं उभं राहता यायचं, चालणं मात्र संपलं. वल्लरीने मला घासूनपुसून लख्ख केलं. पद्माकर पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हळूच थोपटलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पण श्रीरंगला माझी लाज वाटायची. पुण्यातल्या थोरल्या काकांनी, अण्णांनी, निघतानाच त्याला बजावलं होतं, की तिकडे नेऊन माझ्या भावाला नुसतं बसवून ठेवशील. ते त्याच्या मनाला फार लागलं होतं. त्यामुळे घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेलेल्या एकाही फोटोत मी नाही. वाढदिवस असो की गणपती, बाबांना धरून उभं करायचं, मला ओढून बाजूला न्यायचं, हसा म्हणायचं आणि फोटो काढायचा. पद्माकर काही बोलायचे नाहीत. परक्या देशात, मुलाच्या घरी, माणूस बोलणार तरी किती?

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे फिनलंडला निघाले. मी गाडीच्या डिकीत. मोठ्या बोटीने समुद्र ओलांडला आणि पोर्वो नावाच्या जुन्या किनारी गावात आम्ही पोचलो. हे गाव पद्माकरांनीच निवडलं होतं. त्यांची सगळी नोकरी मुंबई बंदरात झालेली, आणि इथे नदीकाठी जुन्या लाकडी वखारी आहेत, तांबड्या रंगाच्या, पाण्याला अगदी लागून. गाव सुरेख, खोटं कशाला बोलू? पण रस्ते दगडगोट्यांचे. माझा सांधा न् सांधा खिळखिळा झाला. नात स्पृहा मला जपून ढकलत होती. बोटीतला माल थेट आत कसा घेत असतील, ते आजोबा तिला समजावून सांगत होते आणि ती "गेनाऊ, ओपा", म्हणजे अगदी बरोबर आजोबा, असं म्हणत मान हलवत होती. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

वखारींसमोरच्या काठावर श्रीरंगने नेहमीसारखं केलं. बाबांना कठड्याला धरून उभं केलं, एका बाजूला वल्लरी, दुसऱ्या बाजूला स्पृहा. मला नेऊन झाडाआड ठेवलं. एक फोटो झाला. मग अजून एक, मग अजून एक.

पद्माकर थकले. मी मागे आहे की नाही हे ते कधी वळून बघत नसत, इतका त्यांचा माझ्यावर विश्वास होता. त्यांनी कठडा सोडला आणि ते मागे बसले. मी तिथे नव्हते. झाडाआडून मला सगळं दिसत होतं आणि मला जागचं हलता येत नव्हतं. मित्रांनो, तो क्षण आठवला की अजून माझा जीव कासावीस होतो.

हाड मोडलं नाही, हे नशीब. कोपर सोलवटलं होतं, दाताखाली सापडून ओठातून रक्त येत होतं. श्रीरंगने त्यांना माझ्यावर बसवलं आणि तो खाली गुडघ्यांवर बसून रडायला लागला. पद्माकरांनी ओठ पुसला.

"अण्णाला फोन लाव. व्हिडिओवर."

आत्ता नको, असं श्रीरंग म्हणत राहिला. त्यांनी नुसता हात पुढे केला. फोन लागला, तो स्पृहाने आजोबांसमोर धरला.

थोरला भाऊ समोर आला की धाकट्याने उठून उभं राहायचं, ही त्यांच्या घरची रीत. फोनवरसुद्धा. अण्णांचा चेहरा दिसताच पद्माकरांनी माझे दोन्ही हात दाबून उठायची धडपड केली. जमलं नाही.

"अण्णा, मला आता उभं राहता येत नाही. मी खुर्चीत असतो. पोरांनी माझं काही कमी केलेलं नाही."

अण्णांचे डोळे भरून आले.

"बस, पद्या. माझ्यासमोर बस तू."

मग त्यांनी विचारलं, की मागे त्या वखारी कसल्या आहेत. श्रीरंग उठला, डोळे पुसले आणि काकांना नीट दिसावं म्हणून त्याने मला पाण्याकडे वळवलं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल तर तिच्या चाकांत हवा भरा, ब्रेक तपासा. आणि एवढं ऐका. माणूस उठून उभा राहिला म्हणून मला लगेच बाजूला नेऊ नका. त्याला परत बसायचं असतं.