चाळणीतून सुटलेल्या पेशी

मित्रांनो, मी नागपूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातला जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझ्या नळीला डोळा लावून पुष्कळ शहाणे गेले. बहुतेकांनी भिंगावर केसांचं तेल तेवढं ठेवलं. त्यामुळे माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म कलकत्त्याचा. भुसा भरलेल्या पेटीत बसून मी एकसष्ट साली इथे आलो. पहिली कित्येक वर्षं जांभया देणाऱ्या विद्यार्थ्यांना रक्ताचे थेंब दाखवण्यात गेली. मग धरमपेठेतल्या डॉक्टर शामलाबाई विभागात आल्या, आणि बघण्याआधी भिंग पुसणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

बाईंना एक प्रश्न पडला होता. कर्करोगाच्या पेशी गाठीतून सुटतात आणि रक्तातून दूरच्या अवयवांत जाऊन बसतात. पण वाटेतल्या केशवाहिन्या तर त्या पेशींहूनही अरुंद! मग त्या पार कशा होतात? बाईंनी उंदरांच्या गाठींतल्या पेशी घेतल्या, केसाहून बारीक भोकांच्या चाळणीवर सोडल्या आणि मागून दाब दिला. पलीकडे जे उतरेल त्यात निळा रंग टाकून ते माझ्यापुढे ठेवलं. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंगाला आत येऊ देत नाही.

ज्यांच्या नुसत्या नावानं घरंच्या घरं हादरतात, त्या पेशींचा रुबाब मी तेव्हा पाहिला. खिडकीच्या गजांत अडकलेल्या ढेरपोट्या चोरासारखी त्यांची गत झाली होती. आवरणं फाटलेली, सगळीकडे निळंच निळं. मला हसू आलं. तेवढ्यात बाईंनी काच जरा सरकवली. कडेला काही पेशी बिनरंगाच्या होत्या. चेपल्या गेल्या होत्या, तरी पुन्हा गोल होऊ लागल्या होत्या. माझं हसू तिथंच विरलं.

विभागप्रमुख केशवराव चहाचा कप हातात घेऊनच डोकावले. निळं तेवढं पाहिलं आणि उठले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी सभागृहात जाहीर व्याख्यान ठोकलं. मला टेबलावर मांडून वर झेंडूचा हार घातला होता. कर्करोग दाबाला भितो, दाबला की मरतो, असं त्यांनी ठासून सांगितलं. टाळ्या पडल्या. कडेच्या पेशींबद्दल अवाक्षर नाही. शामलाबाई मागच्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांचाही मला राग आला.

दुसऱ्या दिवशी उमरेडचा विणकर नत्थू आपल्या बायकोला, अंजनाबाईला, घेऊन प्रयोगशाळेत आला. तिच्या छातीत गाठ होती. ती वॉर्डात दाखल होती, ऑपरेशनही ठरलं होतं. पण नत्थूनं व्याख्यान ऐकलं होतं आणि आता तिला घरी न्यायची परवानगी त्याला मोठ्या साहेबांकडून हवी होती.

"साहेब, तुमीच तं सांगतलं, दाबलं का मरते. आमच्या गावात मालिशवाला हाय. मंग कापाचं काहून?"

हे ऐकताच केशवरावांना आपली चूक कळली. त्यांच्या चेहऱ्यावर ती स्वच्छ दिसत होती. पण एका विणकरासमोर ती कबूल करणं त्यांच्या जिभेला झेपेना. रोग्याचा विश्वास ही मोठी गोष्ट आहे, असं काहीतरी पुटपुटत ते चष्मा पुसू लागले. मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ घाण पाहिली आहे, पण ती काचेवर. त्या दिवशी ती खुर्चीत बसली होती.

शामलाबाई उठल्या. त्यांनी त्या सकाळच्याच प्रयोगाची ताजी काच माझ्याखाली सरकवली आणि अंजनाबाईला माझ्यासमोर बसवलं. या उंदराच्या पेशी आहेत, निळ्या त्या मेलेल्या, असं समजावलं आणि कडेला बिनरंगाच्या दिसतात का, ते विचारलं.

अंजनाबाई बराच वेळ पाहत राहिली. "हाय. थोड्याच हाय."

"त्या दाबातूनही वाचल्या," बाई म्हणाल्या. "शरीरात अशी एखादी वाचली तरी दुसरीकडे गाठ धरू शकते. म्हणून गाठ चोळून पेशी रक्तात ढकलायच्या नाहीत. साहेबांनी काल अर्धंच सांगितलं."

तुम्ही कुणाच्या विभागात काम करता, याची केशवरावांनी त्यांना थंडपणे आठवण करून दिली. पण बाईंनी शब्द मागे घेतला नाही.

नत्थू अजून घुटमळतच होता. अंजनाबाईनं पदर सावरला.

"तुमी जा गावाले. मले नाई याचं. भेव तं लागून राह्यलं, पन कापूनच घ्याचं हाय."

तिचं ऑपरेशन झालं. पुढे कितीतरी वर्षं ती उमरेडच्या एसटीनं तपासणीला येत राहिली, धडधाकट. शामलाबाईंचा प्रयोग मात्र महिन्याभरात बंद पडला. त्या दुसऱ्या गावी निघून गेल्या. केशवरावांचा सत्कार झाला. मी कपाटात गेलो, आणि माझ्या भिंगावर बुरशी चढली.

मला पुसा, असं मी आता म्हणणार नाही. तुमच्याकडून तशी अपेक्षाच नाही. एवढंच करा, अर्धं पाहून उठत जाऊ नका. अंगात कुठे गाठ हाताला लागली, तर ती लपवू नका आणि कुणाला चोळायलाही देऊ नका. डॉक्टरकडे जा. त्यासाठी शूर असावं लागत नाही. भीत भीत जा, पण जा.