सरपंचाची सुटका

मी गाई-म्हशींची डॉक्टर. कामशेतला माझा दवाखाना आहे. इथे पोपट तपासत नाहीत अशी पाटी दारावर लावायला हवी होती. ती नव्हती, म्हणून कुरवंड्याच्या चंपामावशी पिंजऱ्यावर नवऱ्याचं उपरणं टाकून थेट माझ्या टेबलापाशी आल्या.

उपरण्याखाली सरपंच होता. कोणाच्याही बोलण्यात चोच घालतो म्हणून मावशींच्या नवऱ्याने, महिपतीआबांनी ठेवलेलं हे नाव. वादळात ढोलीतून पडलेलं पिल्लू त्यांनी हाताने भरवून वाढवलं होतं. रानातला पोपट पाळणं गुन्हा आहे, हे मी म्हशीला इंजेक्शन देता देता त्यांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा ते "व्हय, व्हय" म्हणाले, आणि गेल्या वर्षी पोपट तसाच ठेवून गेले.

"ह्याला पिसं फुटायचं औषध द्या," मावशी म्हणाल्या. "मला ह्याला सोडायचाय."

सरपंचाची छाती उघडी पडली होती. पंखांवर होती ती पिसं वाकडी, चिमटल्यासारखी. मी विचारलं, इतक्या वर्षांनी आत्ताच सोडायची घाई कसली? तेव्हा त्यांनी आबांच्या दहाव्याची हकिगत सांगितली. कावळा पिंडाला शिवेना. मुलाने शेताचं कबूल केलं, भावाने घराचं. तास गेला. शेवटी मावशी पुढे झाल्या, "तुमच्या सरपंचाला मोकळा सोडीन" म्हणाल्या, आणि कावळा आला. आता वर्षश्राद्ध महिन्यावर होतं.

"त्येंच्या आवाजात हाक मारतो बगा मला," त्या म्हणाल्या. "सकाळी 'चंपे' म्हनला की अजून दचकून उठते. तरीबी सोडनार. शबूद दिलाय."

मी दोन पिसं आणि थेंबभर रक्त पुण्याच्या प्रयोगशाळेत धाडलं. दुसऱ्या पक्ष्यांजवळ नेऊ नका, एवढं एक वाक्य मात्र सांगायचं राहिलं. एरवी माझं तोंड मिटत नाही. त्या दिवशी मिटलं, याचा मला अजून राग येतो.

दहाव्या दिवशी अहवाल आला. पिसांचा आणि चोचीचा विषाणू, पोपटांमध्ये पसरणारा. मी दवाखाना बंद करून स्कूटर कुरवंड्याला काढली.

मावशींच्या परसात मोठी सावर आहे. तिच्या खालच्या फांदीला पिंजरा टांगलेला, आणि त्यावर वीसेक रानपोपट बसलेले. सरपंचाच्याच वाटीतले तांदूळ गजांतून ओढून खात होते. मावशी पायरीवर बसून कौतुकाने बघत होत्या.

"वळख करून देतेय," त्या म्हणाल्या. "एकदम नेऊन सोडला तर परका म्हनून हाकलतील की त्याला."

मी ओरडलेच. सगळा थवा भर्रकन उडाला. मावशी उभ्या राहिल्या, त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला, आणि मला माझीच लाज वाटली. मग पायरीवर शेजारी बसून सांगितलं. हा आजार माणसाला होत नाही, पोपटांना होतो. पिसांच्या भुकटीतून, विष्ठेतून जातो. औषध नाही. एकदा ढोलीत शिरला की महिनोन्महिने तिथेच राहतो, आणि तिथल्या पिल्लांना धड पिसं येत नाहीत.

मावशींनी सावरीकडे पाहिलं. "वर पाच ढोल्या हायेत. तिनात पिल्लं हायेत यंदा." मग म्हणाल्या, "आन् सोडला असता तर?"

"हा चार दिवसांत मेला असता. पण त्या चार दिवसांत आजार ढोल्यांत शिरला असता."

त्या उठल्या. पिंजरा स्वतः खाली घेतला, आत नेला, खिडकी लावली. आबांच्या फोटोसमोर उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, "अवं, शबूद मोडते मी. रागवायचं तर माज्यावर रागवा." मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत.

वनरक्षक निलेशला मी फोन केला. उद्या येऊन सरपंचाला आजारी पक्ष्यांच्या वेगळ्या खोलीत नेतो म्हणाला. तिथून सुटका नाही.

"तितं त्येच्याशी बोलंल कोन?" मावशींनी विचारलं.

"मी जाईन दर रविवारी."

"तुमी बोलाल. पर त्यो वळखंल का?"

आम्ही सांडलेले तांदूळ झाडून जाळले, वाटी आणि फरशी जंतुनाशकाने धुतली. ऊन कलल्यावर थवा परत आला, रोजच्या वाटीसाठी. कुंपणावर बसून कलकलाट सुरू झाला. मावशींनी पत्र्याचा डबा घेतला आणि पळीने बडवायला लागल्या. "जा! हितं काय न्हाई तुमचं! परत येऊ नगा!"

थवा गेला. मी लांब, घराच्या पायरीवरून बघत होते. एक यंदाचं पिल्लू राहिलं, त्यांच्यापासून दोन हातांवर, मान वाकडी करून. त्याला त्यांची सवय झाली होती. मावशींनी ढेकूळ उचललं आणि त्याच्या बाजूला फेकलं. ते उडालं.

आता त्या रडल्या. डोळ्यांना पदर लावतच पायरीशी आल्या आणि त्यांनी मला घट्ट धरलं.

"पिसं धड हायेत न्हवं त्येची? तुमी डाक्टर हाय. बगा की."

"धड आहेत, मावशी," मी म्हणाले.

इतक्या लांबून मला काहीच दिसलं नव्हतं.