संत रोकोचं डोलणं

सिसिलीतल्या त्या गावात संत रोकोच्या मिरवणुकीत मूर्तीचा पुढचा दांडा तीस वर्षं कालोजेरोच्या खांद्यावर असायचा. ऑलिव्हच्या झाडावरून पडून त्याचा उजवा गुडघा तरुणपणीच कामातून गेला होता, त्यात आता संधिवात. यंदा लेकीने, अगातिनाने, हट्टाने तो दांडा आपल्या नवऱ्याच्या खांद्यावर दिला.

मूर्ती नाकासमोर सरळ निघाली. दारातल्या म्हाताऱ्या कुजबुजल्या, "संत रुसलाय. डोलतच नाही."

कालोजेरो काठी टेकत जावयाजवळ गेला. "उजवा पाय टेकला की कळ आली असं समज. खांदा पाड, मनात एक शिवी हाण, मग पुढे हो."

दहा पावलांत संत डोलू लागला.

"आता तरी गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्या, बाबा," अगातिना म्हणाली.

"घेतो की. आधी ह्याला नीट लंगडता येऊ दे."