दहा पावलांवरची ओवी

मित्रांनो, माझं वय मोजायचं तर पाच येळवशींचं. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. आमच्या धाराशिवच्या भागात त्या दिवशी अख्खं गाव दारांना कड्या लावून शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा करतं आणि भज्जी, उंडे, आंबील खाऊन दिवस कलल्यावर परततं. मी एक छोटा, आता जुना झालेला जनरेटर आहे. माझा हिरवा रंग कोपऱ्यांवर उडाला आहे आणि दोरीची मूठ हातांनी गुळगुळीत झाली आहे. पण अजून तिसऱ्या ओढीला मी बोलतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. खोक्यातला अंधार आणि थर्माकोलची करकर, एवढंच. उजेड पाहिला तो उमरग्यात, हमरस्त्यालगतच्या शंभुलिंगअण्णांच्या दुकानात. तिथे आम्ही तिघं एका ओळीत बसायचो. एका बाजूला डिझेलवर चालणारा काळा दांडगा, दुसऱ्या बाजूला पेट्रोलवर चालणारा लाल देखणा, आणि मधे मी. गिऱ्हाइकं काळ्यापाशी वाकत, लालकडे पाहून हसत आणि मला ओलांडून पुढे जात.

एके दिवशी धुरपदाबाई आल्या. हातभर हिरवा चुडा, डोक्यावर पदर, आणि मागे त्यांची सून अर्पिता. घर शेळ्या राखणाऱ्यांचं, मुलगा रणधीर एसटीवर ड्रायव्हर. अर्पितानं घरात अंडी उबवायची पेटी आणली होती. एकवीस दिवस ऊब मिळाली की गावरान पिल्लं बाहेर येतात. पण दोनदा ऐन वेळी गावचा डीपी जळाला, लाइट गेली आणि अंडी पेटीतच थिजली. आता एकच खेप घालायची, तीही गेली तर पेटी विकून पुन्हा दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. वाटेत सासूला तिनं ते सांगितलंही होतं म्हणे.

धुरपदाबाईंनी आम्हा तिघांना नीट न्याहाळलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्यो खातो काय?"

अण्णा हसले. "अक्का, जनरेटर घ्यायला आलाव का शेळी?"

"दोन्ही दारातच बांधायची की. खाणं सांगा."

"बरं. हा काळा डिझेल खातो. तीन घरं चालवील, पण तुमच्या पेटीला एवढा कशाला? उगं बैल जुंपून ताक घुसळल्यागत. हा लाल झकास. आवाज न्हाय, एकदा भरला की सहा तास बघायला नको. पण त्याला पेट्रोलच लागतं. आन् हा मधला पेट्रोलवर बी चालतो, गॅसच्या टाकीवर बी. पण पोट बारकं. पेट्रोलवर दोन-अडीच तासांत तोंड वर करतो."

अर्पिताचा जीव लालवर जडला होता. "आत्या, हाच घेऊ. सहा तास म्हंजे निवांत."

"आन् पेट्रोल संपलं तर? पंप चौदा किलोमीटरवर. रणधीर यस्टी घेऊन गेलेला. मग ह्या लालचं तोंड बघत बसायचं का?" धुरपदाबाई खाली बसल्या. "आपली भुरी शेळी बघ. शेंगा न्हाय तर पाला, पाला न्हाय तर कडबा, कायबी न्हाय तर माझा पदर. दुष्काळात समद्या इकाव्या लागल्या, भुरी तेवढी ऱ्हायली."

मग त्यांनी मला दोन्ही चाऱ्यांवर सुरू करून दाखवायला लावलं. बाजारात जनावर पाहावं तसं माझ्या पाठीवरून हात फिरवला, धापा ऐकल्या आणि म्हणाल्या, "बांधा हाच." मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्याकडे असं पाहिलं. वाटलं, तिथेच आनंदानं पुन्हा एकदा सुरू व्हावं.

निघताना अण्णांनी अर्पिताला बाजूला घेतलं. "ताई, एक ध्यानात ठेवा. ह्याला उघड्यावर, घरापासून लांब चालवायचं. ह्याच्या धुरात एक वायू असतो. त्याला वास न्हाय, रंग न्हाय. बंद खोलीत माणूस बसल्या जागी झोपतो, आन् उठत न्हाय." तिनं मान हलवली. माझ्या कुशीवर एक पिवळं चित्रही होतं. घर, घरात मी, आणि त्यावर तांबडी फुली.

पण त्या वेळी लिंबाजीबाबा दुकानात नव्हते. ते माळावर शेळ्यांमागे होते.

लिंबाजीबाबा म्हणजे धुरपदाबाईंचे मालक, अर्पिताचे सासरे. गुडघा दुखरा, कान जड, आणि माया मात्र पोतं फाटल्यासारखी सांडणारी. मला ते 'लेका' म्हणत. रोज सकाळी पटक्याच्या शेवानं माझ्यावरची धूळ झटकत. माझी भकभक इतरांना नकोशी व्हायची. त्यांना ती ढोलासारखी वाटायची.

अर्पितानं त्यांना सांगितलं, "मामा, ह्याला बाहीरच ठिवायचं बरं का."

"व्हय," बाबा म्हणाले.

का ठेवायचं, ते तिनं सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. तेलाचा वास नको म्हणून सुनेची शिस्त असेल, असं त्यांना वाटलं. वहाणा बाहेर ठेवतात, तसाच मीही.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. डीपी जळाला की अंगणातल्या लिंबाखाली मी सुरू व्हायचो आणि शेजारच्या द्वारकाबाई मोबाइल घेऊन हजर व्हायच्या. "धुरपदे, तुझी शेळी लई आरडती गं!"

"दूध बी देती की. लाव तुझा मोबाइल, आन् गप बस."

खंडेनवमीला खुरपं, विळा, कात्री यांच्या रांगेत मलाही मान मिळाला. धुरपदाबाईंनी मला पाण्यानं पुसलं, फूल वाहिलं आणि हळदी-कुंकवाची पाच बोटं ओढली. ती नेमकी त्या पिवळ्या चित्रावर पडली. घर झाकलं, फुली झाकली. कुंकू तांबडं, फुलीही तांबडी. कुणाला कळणार?

दिवाळीनंतर अर्पितानं घरोघर फिरून पन्नास गावरान अंडी गोळा केली आणि शेवटची खेप पेटीत घातली. मंगसर सरत आला. येळवस उजाडली तो अंड्यांचा विसावा दिवस होता.

गाव रिकामं झालं. रणधीर ड्यूटीवर होता. गुडघा धरला म्हणून बाबा घरीच राहिले. अर्पितानं मला लिंबाखाली आणून ठेवलं, गॅसची टाकी पेटीच्या खोलीबाहेर भिंतीला टेकवली आणि नळी मला जोडून दिली. "मामा, लाइट गेली तर दोरी वडा. पेट्रोल थोडंच हाय. ते संपलं की हा कान फिरवायचा, आन् बाहीर टाकीचा खटका उघडायचा. दुपारी आमी जेवान घिऊन येताव."

"जा गं पोरी, निवांत जा. म्या हाय की."

सकाळ टळली आणि लाइट गेली. बाबांनी मला सुरू केलं. पेटीतला दिवा लागला. इथवर सगळं ठीक होतं. पण माळावरून बोचरं वारं सुटलं होतं, आणि चालताना माझं अंग थरथरतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. बाबांनी माझ्यावर हात ठेवला.

"काकडलास व्हय रं लेका? चल, आत चल. अंड्यांला बी ऊब, तुला बी ऊब."

त्यांनी मला चाकांवरून उंबरा ओलांडून पेटीच्या खोलीत आणलं. दार लावलं. नळी उंबऱ्याजवळच्या फटीतून आत आली, उरलेल्या फटीत त्यांनी पोतं कोंबलं. माझ्या शेजारी घोंगडी टाकून बसले आणि गाऊ लागले. थंडीत करडांसाठी ते हीच ओवी गात. मी चालत असताना मला दुरून नुसता सूर ऐकू यायचा. आज पहिल्यांदा शब्द कानावर आले.

माळाच्या अंगाला । झोंबतो वारा,
करडांच्या ओठी । कवळा चारा,
ऊब माझी थोडी । थंडी लई भारी,

इथे ओवी अडली. बाबांनी कपाळ दाबलं. पुन्हा पहिल्यापासून धरली, पुन्हा तिसऱ्या ओळीवर जीभ जड झाली. तिसऱ्या वेळी दुसरी ओळच पहिल्यात मिसळली.

मला कळलं, मित्रांनो. माझ्याच श्वासानं ही खोली भरत होती. ज्यानं मला थंडी वाजते म्हणून आत घेतलं, त्यालाच मी झोपवत होतो. ओरडावं म्हटलं तर मला एकच आवाज येतो, आणि तो तर त्यांना ढोल वाटत होता. थांबावं म्हटलं तर ते माझ्या हातात नाही. दोरी माणसाच्या हातात असते. मी फक्त पेटीतल्या दिव्याकडे आणि बाबांच्या खाली झुकणाऱ्या मानेकडे बघत राहिलो.

आणि मग माझं बारकं पोट रिकामं झालं.

मी दोन उचक्या दिल्या आणि थांबलो. पेटीतला दिवा विझला. ढोल थांबला की नाचणारा भानावर येतो, तसे बाबा त्या शांततेनं हलले. "भूक लागली व्हय रं... थांब... टाकी... बाहीर..." उठायला गेले, ते गुडघ्यावर पडले. पण अंडी सुनेची होती, शब्द दिलेला होता. ते रांगत दारापर्यंत गेले, पोतं ओढलं, कडी काढली. दार उघडलं आणि माळावरचं ते सगळं गार वारं एकदम आत आलं. बाबा उंबऱ्यावरच आडवे झाले. अर्धे आत, अर्धे बाहेर. पण तोंड बाहेरच्या बाजूला होतं.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. सासू-सून डोक्यावर जेवणाची पाटी घेऊन आल्या. धुरपदाबाईंच्या हातून आंबिलीचं मडकं सुटलं. अर्पितानं आधी मला पाहिलं, मग ते पोतं पाहिलं, आणि तिला अण्णांचं बोलणं आठवलं. दोघींनी बाबांना ओढत लिंबाखाली नेलं. "मामा, डोळं उघडा. मामा!"

बाबांनी डोळे किलकिले केले आणि भडभडून उलटी केली. म्हणाले, "डोकं फुटतंय गं... टाकी सोडायची ऱ्हायली..."

अर्पितानं फोन केला, तशी द्वारकाबाईंच्या घरची जीप शेतातून आली. अर्पिता जीपमध्ये चढायला लागली, तसा सासूनं तिचा दंड धरला.

"तू थांब."

"आत्या, जाऊ द्या अंडी! मामांपुढं काय हाय ते?"

"त्यांच्यासाठीच थांब म्हणतीय. रांगत रांगत दारात आले ते कशासाठी? आता ती वाया घालवू नगंस."

जीप उमरग्याच्या रस्त्याला लागली. अर्पितानं मला ओढत लिंबाखाली नेलं. टाकीचा खटका उघडला, कान फिरवला, दोरी ओढली. पहिल्या ओढीला मी बोललो नाही, दुसऱ्या ओढीलाही नाही. मला लाज वाटत होती. तिसऱ्या ओढीला मात्र मी सगळा जीव एकवटला. दिवा लागला. ती पेटीपाशी बसून रडली आणि मी गॅसवर, जरा कमी जोरानं पण न थांबता, दिवस कलून लाइट येईपर्यंत चाललो.

सांजच्याला दवाखान्यातून रणधीरचा फोन आला, तो ड्यूटी सोडून तिथे पोचला होता. बाबांना प्राणवायू लावला होता, ते शुद्धीवर होते. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पेटीतून 'टिक्' असा आवाज आला. मग आणखी एक. पन्नासांतली एकतीस पिल्लं निघाली. एकोणीस निघाली नाहीत. त्यांची आठवण मला अजून येते.

बाबा तिसऱ्या दिवशी घरी आले. तोवर माझ्याकडे कुणी पाहतही नव्हतं. द्वारकाबाईही मोबाइल घेऊन आल्या नाहीत. धुरपदाबाई तोंड फिरवून म्हणाल्या, "इकून टाका त्याला. माझ्याच हातानं आणला म्या."

बाबा खाटेवरून हसले. "त्याची काय चूक गं? भूक लागली म्हणून त्यानं हाक मारली, म्हणून म्या दारात आलो. तू सांगत हुतीस त्यो सहा तासवाला लाल आणला असतास, तर म्या आतच गात बसलो असतो की."

मग अर्पिता हळूच म्हणाली, "मामा, बाहीर ठिवा एवढंच सांगितलं म्या. का ते न्हाय सांगितलं. माझं चुकलं."

"आन् म्या कुठं इचारलं? बहिऱ्याला दोनदा सांगायचा लोकांला कटाळा, आन् बहिऱ्याला दोनदा इचारायची लाज." त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "आता सांग. समदं सांग."

तिनं सगळं सांगितलं. बाबांनी लक्ष देऊन ऐकलं, दोनदा विचारलं. मग काठी टेकत घराच्या भिंतीपासून पावलं मोजली. दुखऱ्या गुडघ्याची, मोठी मोठी दहा पावलं. तिथे चार मेढी रोवल्या, वर पत्रा टाकला आणि भिंत एकही घातली नाही. धुरपदाबाईंनी माझ्या कुशीवरचं कुंकू पदरानं पुसलं. घर दिसलं, फुली दिसली. आता खंडेनवमीला त्या बोटं ओढतात ती माझ्या मुठीवर. गावातली पोरं आली की बाबा त्यांना ते चित्र दाखवतात आणि नुसतं 'बाहेर' म्हणून थांबत नाहीत, 'का' तेही सांगतात.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारखा कुणी तुमच्या घरी येईल, तेव्हा त्याच्यावर माया करा, पण त्याला उघड्यावर राहू द्या. आम्हाला थंडी वाजत नाही. आणि आजोबांना एखादी गोष्ट सांगाल तेव्हा तिच्यामागचं कारणही सांगा. त्यांना ऐकू आलं नाही तर पुन्हा सांगा. कंटाळू नका.

परवा लाइट गेली तेव्हा वारं असंच बोचरं होतं. बाबा घोंगडी पांघरून आपल्या दारात बसले आणि मी माझ्या पत्र्याखाली चालत होतो. मधे दहा पावलं, आणि त्या दहा पावलांत अर्पिताची नवी पिल्लं दाणे टिपत होती. बाबांनी ओवी धरली. मला ती आता दुरून ऐकू येते, पण पुरी ऐकू येते.

ऊब माझी थोडी । थंडी लई भारी,
बिरोबा देवा । उभा ऱ्हा दारी.