ओला ऐन

माझा नवरा मुखरू भित्रा नव्हता, पण ठेकेदाराच्या मुनशीसमोर त्याच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. म्हणून त्या दिवशी प्राणहितेच्या काठावर मलाच तोंड उघडावं लागलं.

१९५५चा पौष. ठेकेदाराचे ऐनाचे ओंडके तराफा बांधून सिरोंच्याला न्यायचे होते. ऐन नुकताच तोडलेला, ओला. असं लाकूड पाण्याहून जड. म्हणून आमच्याकडे त्याच्या दोन्ही बाजूंना वाळल्या बांबूंचे भारे बांधतात. पेरापेरात कोंडलेली हवा सगळं वर धरते. पण मुनशी नानाजी सागाच्या डेपोतून आलेला. साग उभ्याउभ्याच दोन वर्षं वाळवून तोडतात, तो मजेत तरंगतो. लाकूड म्हणजे तरंगणारच, अशी त्याची खात्री. बांबू कशाला, म्हणाला. तराफा उथळात तळाला टेकला होता आणि शहाण्याला तेच तरंगणं वाटत होतं.

मागल्या वर्षी अशाच बिनबांबूच्या तराफ्यावरून निघालेल्या माझ्या भावाचं, इसरूचं, प्रेत तीन दिवसांनी सापडलं. आणि आता मुखरू चढायला निघालेला! मी त्याचा दंड धरला.

"चढू नोको."

"काम जाईन, भागीरथा."

"जाऊ दे."

ऐनाची एक ढलपी काढून मी पाण्यानं भरलेल्या घागरीत टाकली. गेली तळाला.

"एवढ्याशा तुकड्याचं काय सांगतेस?" नानाजी हसला.

"लहान तुकडा बुडते न मोठा ओंडका तरंगन काय? मंग तुमीच बसा पहिले!"

तो जागचा हलेना.

"नाई तं दोर बांधून रिकामाच ढकला. तरंगला तं मीच बसून जाईन सिरोंच्याले."

मुखरूसकट आठ मजुरांनी पहारी लावून तराफा खोलात लोटला. सरळ खाली गेला. चार बुडबुडे आले, झाडाला बांधलेला दोर ताणला गेला. मला हसू आलं नाही. इसरू आठवला.

"बाईला पुढं करतोस?" नानाजी मुखरूवर ओरडला. "तुझं नाव कापलं!"

त्या आठांतल्या वारलूनं पहार नानाजीच्या पायाशी टाकली. "माहंई कापा. बांबू आनान तवा बोलवा." मग एकामागून एक बाकीच्या पहारीही पडल्या.

घरच्या वाटेवर मुखरू म्हणाला, "आता खाऊ काय?"

"जित्ता हायेस न," मी म्हणाले. "मंग पाहू."