सरबताचं मशीन

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात, एका रविवारी आबा शेळगावहून न कळवता बारामतीला लेकीकडे, करुणाकडे, आले. जावई, सुयश, हॉलमधल्या नव्या बारपाशी उकिडवा बसून नळीशी झटत होता. संध्याकाळी कंपनीतले साहेब यायचे होते. पुण्याहून आणलेलं बियरचं पिंप काउंटरखालच्या फ्रिजमध्ये गार होतं. पण तिथून तोटीपर्यंतची नळी तापायची आणि ग्लासात निम्मा फेस यायचा.

“जावईबापू, ह्ये काय काढलंय?”

सुयशने करुणाकडे पाहिलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आबा दारूच्या वाऱ्याला उभे राहिले नव्हते. सख्खा भाऊ पिऊन आला, तर त्यालाही त्यांनी दारातून परत धाडलं होतं.

“सरबताचं मशीन आहे, आबा,” करुणा म्हणाली. खोटं इतकं सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं.

“आन् येवढा फेस?”

“सोड्याचा. नळी गार राहत नाही ना.”

“लई नखऱ्याची हाय की! तू तान्ही असताना बी येवढे लाड न्हाय करून घेतलेस.”

आबा हसत बाहेर पडले ते बर्फाच्या कारखान्यातून लादी घेऊनच आले. गोणपाटातली लादी खांद्यावर, सदरा पाठीपर्यंत भिजलेला. सुयश ओशाळून पुढे झाला, पण त्यांनी ऐकलं नाही. थर्माकोलच्या खोक्यात नळीची वेटोळी बसवली, बर्फ फोडून भोवती दाबला आणि ओल्या हातांनी तोटीकडे बोट केलं.

“दे की वाईच. बघू तरी लेकीचं सरबत.”

“आधीच काढून ठेवलंय तुमच्यासाठी,” म्हणत करुणाने आतून कोकमाचा ग्लास आणला.

“झ्याक!” आबांनी मिशा पुसल्या. “आज ऱ्हाऊ का गं? सकाळच्या गाडीनं जाईन.”

“नको आबा, आई एकटी आहे.”

पाहुणे यायच्या आत तिने त्यांना स्टँडवर नेऊन गाडीत बसवलं. सदरा अजून ओलाच होता. घरी परतली तेव्हा तोटीतून बियर अगदी स्वच्छ, बिनफेसाची येत होती आणि सुयश खुशीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा गोठ्यात कोसळले, ते उठलेच नाहीत.

आबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला शेळगावात सगळी वस्ती अंगणात जमली. आठवणी निघाल्या तशी चतुराबाई, करुणाची आई, पदर तोंडाला लावून म्हणाली, “त्या दिशी आले ते समद्यांना सांगतच आले. करुणाकडं सरबताचं मशीन हाय, बर्फ म्या घातला, पुढल्या टायमाला तुमाला नेतो म्हनून.”

“व्हय, मला बी बोललं व्हतं,” कुणीतरी मागून म्हणालं. रडता रडता माणसं हसली. सुयशची मान खाली गेली.

बौद्धाचार्यांनी पंचशील सुरू केलं. एकेक शील सगळे एका सुरात म्हणत होते, करुणाही. पाचवं आलं, मद्यापासून दूर राहण्याचं, आणि तिचे ओठ मिटले. शेजारच्या बायका पुढे म्हणत गेल्या. शेवटचा शब्द संपला तशी ती उठली. आईने पदर ओढला, तरी ती बसली नाही.

“ते सरबत नव्हतं, आबा,” ती सगळ्यांदेखत म्हणाली. “बियर होती. तुम्ही राहायचं म्हणालात, आणि माझं खोटं उघडं पडेल म्हणून मी तुम्हाला घालवून दिलं.”